'यू आर सो व्हेन'मधला तो नेमका कोण? आणि असा शोध घ्यायचा तरी कसा?

टेपफिरवा

अमेरिकन गायिका कार्ली सायमनचं हे गाणं नोव्हेंबर १९७२ मध्ये आलं, जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, आणि तेव्हापासून लोकांचा एकच प्रश्न: पार्टीत शिरताना टोपी एका डोळ्यावर कललेली, गळ्यात जर्दाळू रंगाचा स्कार्फ, नजर सतत आरशाकडे, असा हा स्वतःवरच फिदा असलेला गडी कोण?

नाव सांगायचं नाही आणि विषयही मरू द्यायचा नाही, हे कसब कार्लीबाईंनी चाळीसेक वर्षं सांभाळलं. २००३ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या एका धर्मादाय लिलावात तिने हे गुपितच बोलीला काढलं. एनबीसी वाहिनीच्या क्रीडा विभागाचे प्रमुख डिक एबरसोल यांनी ५० हजार डॉलर मोजून ते घेतलं. अट एवढीच की कुणाजवळ बोलायचं नाही. तिच्या परवानगीने त्यांनी इतकंच फोडलं की नावात इंग्रजी 'ई' आहे. पुढे तिने 'ए' आणि 'आर' अशी आणखी दोन अक्षरं दिली. आता गंमत बघा. अभिनेता वॉरन बीटी, रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर, गायक जेम्स टेलर, संशयितांची ही तिन्ही नावं इंग्रजीत लिहून काढा. तिन्हींत ही तिन्ही अक्षरं आहेत! म्हणजे बाईंनी दिलं काय, तर काहीच नाही.

टेलरशी तिचं लग्न त्याच नोव्हेंबरात झालं, आणि तो नव्हे असं ती सांगत आली. जॅगरचा तर आवाजच गाण्यात आहे. तबकडीवर नाव नाही, पण धृपदात मागे गाणारा तो आवाज कुणीही ओळखेल. स्वतःवरचं गाणं स्वतःच गायला कोण जाईल, असं काही जण म्हणतात. (जॅगर जाईल, असं मला वाटतं. पण ते असो.) २०१० मध्ये नव्या ध्वनिमुद्रणात एक कुजबुज उलटी वाजवली की 'डेव्हिड' ऐकू येतं म्हणून वर्तमानपत्रांनी रेकॉर्ड कंपनीवाले डेव्हिड गेफन यांना गाठलं. तिने ते फेटाळलं. तसंही त्या नावात 'आर' कुठाय?

शेवटी २०१५ मध्ये, आठवणींचं पुस्तक यायच्या सुमारास, तिने सांगून टाकलं की दुसरं कडवं वॉरन बीटीवर आहे. अख्खं गाणं आपल्यावरच आहे असं त्याला वाटतं, अशी वर पुस्तीही जोडली. उरलेली कडवी आणखी दोघांवर, त्यांची नावं गुलदस्त्यातच.

बहुतेकांनी इथे 'सुटलं कोडं' म्हणून फाइल बंद केली. मला ते पटत नाही. गाणं करणाऱ्याने इतक्या वर्षांनी, पुस्तक बाजारात यायच्या तोंडावर दिलेलं उत्तर हा माझ्या मते सगळ्यांत लेचापेचा पुरावा. गाणं झालं त्या वर्षीचा कागद, तेव्हाची मुलाखत, तेव्हा हजर असलेल्या तिसऱ्या माणसाचं बोलणं, याला वजन. इतर गाण्यांची उदाहरणं येऊ द्या, मग बघू माझं म्हणणं टिकतंय का.

अबोली

वाचतेय. बीटीने तिला फोन करून गाण्याबद्दल आभार मानले होते म्हणे. तिनेच एका मुलाखतीत सांगितलंय. यापेक्षा सज्जड पुरावा काय हवा? धृपदात ती म्हणते, 'हे गाणं तुझ्यावरच आहे असं तुला वाटत असणार', आणि सापळा असा आहे की 'हे माझ्यावर आहे' म्हणणारा आपोआप आत.

शंकासुर

@अबोली, सापळ्यात उंदीर सापडला म्हणजे पनीर त्याच उंदरासाठी ठेवलं होतं असं नाही. बाकी चालू द्या, मी येतो सवडीने.

ध्रुवतारा

माझा प्रांत आकाशाचा, म्हणून तिसऱ्या कडव्याबद्दल बोलतो. त्यात तो सॅराटोगाला जातो, तिथे त्याचा घोडा जिंकतो, आणि मग खासगी विमानाने कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला खग्रास सूर्यग्रहण पाहायला जातो. इतकी ठोस माहिती कुठल्या प्रेमगीतात असते?

गंमत अशी की गाणं येण्याआधीच्या तीन वर्षांत नोव्हा स्कॉशियावरून एक नाही, दोन खग्रास ग्रहणं गेली. पहिलं ७ मार्च १९७० चं. त्याचा पट्टा मेक्सिकोतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला धरून वर गेला आणि नोव्हा स्कॉशिया ओलांडून न्यूफाउंडलंडकडे सरकला. दुसरं १० जुलै १९७२ चं. ते सायबेरियातून निघून अलास्का आणि उत्तर कॅनडा पार करत पूर्व किनाऱ्यावर उतरलं. खग्रास स्थितीचा पट्टा किती अरुंद असतो ते लक्षात घेतलं, तर एकाच प्रांताच्या नशिबी सव्वादोन वर्षांत दोनदा असं येणं ही लॉटरीच.

त्यामुळे 'त्या दिवशी कोण तिथे होतं ते शोधा' म्हणणाऱ्यांना आधी कुठला दिवस ते ठरवावं लागतं. १९७२ चं ग्रहण गाणं ध्वनिमुद्रित व्हायच्या जेमतेम काही महिने आधीचं, म्हणून मला ते जास्त जवळचं वाटतं.

पण खरी गोची पुढे आहे. सॅराटोगाच्या नावाजलेल्या शर्यती तेव्हा ऑगस्टात व्हायच्या. कडव्यात शर्यत आधी आणि ग्रहण मग. १९७० चं ग्रहण मार्चमध्ये, १९७२ चं जुलैत. कुठलंही धरा, त्याच्या आधीचा ऑगस्ट म्हणजे आदल्या वर्षीचा! घोडा जिंकल्यावर लगेच विमानात बसायचं, तर पठ्ठ्याला धावपट्टीवर दहा-अकरा महिने थांबावं लागलं असतं, १९७० चं धरलं तरी सहा-सात महिने. म्हणजे हा एका माणसाचा एक प्रवास नाही. दोन वेगवेगळ्या बातम्या, कदाचित दोन वेगवेगळ्या माणसांच्या, एका ओळीत शिवल्यात.

टेपफिरवा

@ध्रुवतारा, जबरदस्त! पंचांग घेऊन गाणं तपासणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. आणि तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. पन्नास वर्षांनी कोण काय म्हणतं यापेक्षा ग्रहणाची तारीख बरी, ती मुलाखत देत नाही.

अबोली

मग 'स्वीट कॅरोलाइन' घ्या, तुमच्या म्हणण्याला ते अगदी चपखल बसेल. गाणं १९६९ चं. ते करणारे गायक नील डायमंड यांनी २००७ मध्ये सांगितलं की राष्ट्राध्यक्ष केनेडींची मुलगी कॅरोलाइन हिचा लहानपणीचा मासिकातला फोटो पाहून ते सुचलं. त्याच वर्षी तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांनी ते तिच्यासाठी गायलंही. सगळे खूश. २०१४ मध्ये तेच म्हणाले की गाणं खरं तर तेव्हाची बायको मार्शा हिच्यावर होतं, पण चालीत तीन तुकड्यांचं नाव हवं होतं आणि 'मार्शा' बसत नव्हतं!

दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, दोन्ही जाहीरपणे दिलेली. मला वाटतं दोन्ही खरी असावीत. नाव एकीचं, भावना दुसरीवरची. त्यात खोटं काय आहे?

शंकासुर

आलो. माझा मुळावरच घाव आहे. प्रत्येक गाण्यामागे खरा माणूस असतोच, हे ठरवलं कुणी?

'बिली जीन' घ्या. मायकेल जॅक्सनने १९८८ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की खरी बिली जीन कुणी नव्हतीच. मोठ्या भावांच्या मागे लागणाऱ्या बऱ्याच जणींची ती एक गोळाबेरीज. याउलट निर्माता क्विन्सी जोन्स सांगायचे की एका बाईने मायकेलवरच, माझ्या मुलाचा बाप हाच, असा दावा लावला होता. घ्या! एका खोलीत बसून एकच गाणं करणाऱ्या दोघांचं एकमत नाही.

रोलिंग स्टोन्सचं 'अँजी' आलं १९७३ मध्ये. लोकांनी लगेच गायक डेव्हिड बोवीच्या बायकोचं नाव लावलं, कारण तिचं नाव अँजेला. त्याच बँडचा कीथ रिचर्ड्स म्हणतो, नाव सुचलं, बसलं, कुणा विशिष्ट बाईशी संबंध नाही. 'द पोलिस' या बँडचं 'रॉक्सॅन' तर पॅरिसमधल्या हॉटेलात लावलेल्या एका नाटकाच्या पोस्टरवरून आलं, पोस्टर होतं 'सिरानो'चं, त्याच्या नायिकेचं हे नाव. आता जा आणि शोधा खरी रॉक्सॅन. सतराव्या शतकापर्यंत चालत जावं लागेल.

आपण श्रोते पोलिसांसारखे वागतो. नाव दिसलं की संशयित पकडायचा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

टेपफिरवा

@शंकासुर, दिवे घेतले, पण तुमचा मुद्दा अर्धाच घेतो. काही गाण्यांमागे माणूस नसतो हे कबूल. काहींमागे मात्र तो नुसता असतो असं नाही, ठणठणीत नोंदीसकट असतो. 'लैला' बघा. एरिक क्लॅप्टन जिवलग मित्राच्या, म्हणजे बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या, पॅटी बॉइडच्या प्रेमात पडला, निझामीच्या लैला-मजनूतलं नाव उचललं आणि १९७० मध्ये गाणं केलं. पुढे १९७९ मध्ये तिच्याशीच लग्न केलं. इथे शंकेला जागा कुठाय?

आणि गंमत अशी की त्याच पॅटीवर लिहिलं म्हणतात त्या हॅरिसनच्या 'समथिंग'बद्दल हॅरिसन नंतर हात झटकून मोकळा झाला. म्हणाला, लिहिताना डोक्यात गायक रे चार्ल्स होता! घटस्फोटानंतर नवऱ्याची स्मरणशक्ती कशी चालते याचा हा नमुना समजावा.

कानसेन

बीटल्सच्या 'एलेनॉर रिग्बी' गाण्याचा विषय अजून कसा निघाला नाही? या प्रकारातला सगळ्यांत भारी गुंता तोच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गाणं १९६६ चं. पॉल मॅकार्टनीने वर्षानुवर्षं एकच हकिगत सांगितली. 'एलेनॉर' हे नाव अभिनेत्री एलेनॉर ब्रॉन हिच्यावरून, ती बीटल्सच्या चित्रपटात होती. 'रिग्बी' हे ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवरून, कारण तेव्हा त्याची मैत्रीण जेन ॲशर तिथल्या नाटकात काम करत होती आणि हा तिला भेटायला जायचा. गाण्यातल्या पाद्रीबाबांचं नाव आधी चक्क 'फादर मॅकार्टनी' होतं. लोकांना आपले वडील वाटतील म्हणून टेलिफोन डिरेक्टरी उघडून ते 'मॅकेन्झी' केलं. झालं, सगळं काल्पनिक. फाइल बंद.

आणि मग १९८० च्या दशकात लिव्हरपूलच्या वुल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात एका थडग्याकडे लोकांचं लक्ष गेलं. कौटुंबिक थडगं, दगडावर बरीच नावं, त्यांत एक: एलेनॉर रिग्बी, मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. जवळच्याच दुसऱ्या दगडावर मॅकेन्झी आडनाव. आता हे चर्च कुठलं? ६ जुलै १९५७ ला ज्याच्या जत्रेत लेनन आणि मॅकार्टनी पहिल्यांदा भेटले, तेच! पोरं त्या आवारातून ये-जा करायची, उन्हात पडायची. पॉलचं म्हणणं, ते नाव तेव्हा डोळ्यांखालून जाऊन मनात कुठेतरी राहिलं असेल, पण आपल्याला आठवत नाही.

इथवर ठीक. पण २००८ मध्ये एक कागद लिलावात आला. लिव्हरपूलच्या एका रुग्णालयाचं १९११ चं पगारपत्रक. त्यात स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या मोलकरणीच्या नावापुढे 'ई. रिग्बी' अशी सही. तो कागद पॉलनेच एका संगीतविषयक धर्मादाय संस्थेला मदत म्हणून पाठवला होता. विकला गेला १ लाख १५ हजार पौंडांना. ज्या बाईला महिन्याकाठी हातावर चार नाणी पडत असतील, तिच्या सहीला ही किंमत, आणि ती 'ती' आहे की नाही याचा पत्ता नाही.

वर २०२१ च्या पुस्तकात पॉलने आणखी एक धागा दिला. लहानपणी तो एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं सामान आणून द्यायचा, त्यांच्याशी गप्पा मारायचा, तिथून ते पात्र आलं.

तर टेपफिरवा, सांगा आता. नाव अभिनेत्रीचं, आडनाव दुकानाचं, पात्र शेजारच्या आजींचं, आणि दगडावर कोरलेली बाई चौथीच. गाण्यातली बाई यांतली कोण? आणि तुमचा 'तेव्हाचा कागद' इथे कुठल्या बाजूने साक्ष देतो? दगड १९३९ चा आहे, गाण्याच्या कितीतरी आधीचा. तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मधलीओळ

@कानसेन +१. आजवर 'थडगं सापडलं, कोडं सुटलं' एवढंच वाचलं होतं.

अवांतर: बीटल्सचा विषय निघालाच आहे तर ऋषिकेश. १९६८ च्या सुरुवातीला महर्षी महेश योगींच्या आश्रमात बीटल्स होते तेव्हा तिथे अभिनेत्री मिया फॅरोची बहीण प्रूडेन्सही होती. ती ध्यानाला बसली की खोलीबाहेर यायचं नाव काढायची नाही. तिला बाहेर काढायची कामगिरी लेनन आणि हॅरिसनवर आली, त्यातून 'डिअर प्रूडेन्स'. हिच्याबाबत शोध वगैरे घ्यावाच लागला नाही, नाव पहिल्या ओळीत आहे. मला जास्त आवडतं ते पुढचं. या बाईंनी नंतर बर्कली विद्यापीठातून संस्कृत घेऊन पीएचडी केली. गाण्यात तिला बाहेर ये म्हणून विनवलं, ती आणखी आत शिरली!

त्याच आश्रमातून एक अमेरिकन तरुण आईबरोबर वाघाच्या शिकारीला गेला आणि परत येऊन ध्यानाला बसला. लेननने त्याची 'बंगलो बिल' म्हणून टर उडवली. त्याने पुढे बंदूक ठेवून कॅमेरा हाती घेतला आणि नावाजलेला छायाचित्रकार झाला, हे मात्र कुणी गात नाही.

रविवारची दुपार

सगळं मजेशीर आहे, पण ज्यांना शोधलं त्यांचं काय झालं ते कुणी बोलत नाहीये.

१९८२ मध्ये गाजलेल्या एका गाण्याच्या नावातच टेलिफोन नंबर होता. गाण्यात तो 'जेनी'चा. अमेरिकेत तोच नंबर वेगवेगळ्या भागांच्या कोडसह किती घरांत होता कोण जाणे! अपरात्री फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी जेनीला मागायचं. गाण्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांना नंबर बदलून घ्यावे लागले. हाही 'खऱ्या व्यक्तीचा शोध'च होता की.

किंवा 'सुझॅन'. माँट्रियलमध्ये नदीकाठी राहणारी नर्तकी सुझॅन व्हर्डाल कवी-गायक लेनर्ड कोहेनला संत्र्याच्या स्वादाचा चहा पाजायची, ते जसंच्या तसं गाण्यात आलं. दोघांत शारीरिक काही नव्हतं, हे दोघंही सांगत आले. पुढे कोहेनला सुझॅन नावाचीच दुसरी जोडीदार मिळाली, आणि लोक बिनदिक्कत गाणं त्या दुसरीच्या नावावर टाकून मोकळे. गाणं जगभर गेलं, पहिल्या सुझॅनच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही.

आणि ब्राझीलच्या 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' गाण्यातली ती मुलगी! हेलोईझा, रिओतल्या 'व्हेलोझो' बारसमोरून समुद्रावर जाणारी. संगीतकार टॉम जोबिम आणि गीतकार-कवी व्हिनिसियस द मोराइस तिला बघायचे. तिला गाण्याबद्दल रीतसर कळलं ते काही वर्षांनी, व्हिनिसियसने जाहीर केल्यावर. मग बारचं नाव बदलून गाण्याचं नाव दिलं, रस्त्याला कवीचं नाव दिलं. आणि तिने स्वतःच्या कपड्यांच्या दुकानाला गाण्याचं नाव दिलं तेव्हा गीतकार-संगीतकारांचे वारस कोर्टात! निकाल तिच्या बाजूने लागला हे नशीब.

तेव्हा टेपफिरवा, कार्लीबाई गप्प राहिल्या त्याला तुम्ही कसब म्हणता. मी सभ्यपणा म्हणते. उरलेले दोघे आजही निवांत जेवत असतील.

टेपफिरवा

@रविवारची दुपार, ५० हजार डॉलरला विकलेलं मौन सभ्यपणाच्या खात्यात टाकायला माझा हात धजत नाही. धर्मादाय असलं तरी. पण सुझॅनच्या मुद्द्याला उत्तर नाही, मान्य.

@कानसेन, तेव्हाचा कागद म्हणजे कुठलाही जुना दगड नव्हे. गाण्याशी थेट बोलणारा कागद हवा. 'किलिंग मी सॉफ्टली'चा किस्सा सांगतो. १९७१ मध्ये लोरी लिबरमन ही गायिका लॉस एंजेलिसच्या 'ट्रूबॅडूर' क्लबमध्ये गायक डॉन मॅक्लीनला ऐकायला गेली, हलून गेली, आणि तिथेच कागदी रुमालावर काही ओळी खरडल्या. ते तिने गीतकार नॉर्मन गिंबेल यांना ऐकवलं. त्यांच्या वहीत शीर्षकाचे शब्द आधीपासून होते. चाल चार्ल्स फॉक्स यांची. १९७२ मध्ये तिने ते गायलं. गायिका रोबर्टा फ्लॅकने ते विमानप्रवासात ऐकलं आणि १९७३ मध्ये जगभर पोचवलं.

पुढे गिंबेल आणि फॉक्स यांनी पवित्रा बदलला. म्हणे मॅक्लीनचा काही संबंध नाही, ही दंतकथा आहे. लिबरमनला खोटी ठरवलं. आणि मग १९७३ सालच्या न्यू यॉर्कच्या 'डेली न्यूज'मधली मुलाखत वर आली. त्यात गिंबेल स्वतःच सांगतायत, लिबरमन मॅक्लीनला ऐकून आली आणि तिच्या बोलण्यावरून गाणं झालं. बाई म्हणत होती तेच. तेव्हाचा कागद म्हणतो तो हा. त्याने नुसतं कोडं सोडवलं नाही, एका बाईची बाजू परत उभी केली.

अबोली

हे माहीत नव्हतं, थँक्यू! जाता जाता, बीटल्सच्या 'हे ज्यूड'चंही असंच. पॉलने ते जॉन लेननच्या मुलासाठी, ज्युलियनसाठी रचलं, जॉन घर सोडून गेल्यावर त्या पोराला धीर द्यायला. आधी शब्द 'ज्यूल्स' होते. आणि जॉनला वाटायचं, हे माझ्यावरच आहे! सगळ्यांच्याच आत एक छोटा वॉरन बीटी बसलेला असतो.

शंकासुर

'जोलीन'पण लिहून ठेवा. डॉली पार्टनच्या नवऱ्याशी लाडेलाडे बोलणारी बँकेतली बाई एक, आणि सही घ्यायला आलेली लाल केसांची छोटी चाहती वेगळीच. वागणं पहिलीचं, नाव आणि रूप दुसरीचं. त्या पोरीने आयुष्यात कुणाचा नवरा पळवला नसेल, तरी नाव बदनाम. म्हणून म्हणतो, शिवणकाम आहे हे सगळं, अंगरखा कुणाच्या मापाचा ते विचारू नये.

टेपफिरवा

शिवणकामच म्हणायचं तर मूळ गाण्याचे टाकेही मोजा. कॉफीतल्या ढगांची ती प्रसिद्ध ओळ कार्लीची नाहीच. तिचा पियानोवादक मित्र बिली मर्निट याने विमानात कपात पडलेलं ढगांचं प्रतिबिंब पाहून ते म्हटलं होतं. आणि चालीवर आधी शब्दच वेगळे होते, शीर्षक 'ब्लेस यू, बेन'. तेव्हा त्यात ना स्कार्फ होता, ना घोडा, ना ग्रहण.

शंकासुर

म्हणजे आता बेन कोण ते शोधायचं. 'ई' आहे बरं का त्यात.

टेपफिरवा

'ए' आणि 'आर' नाहीत. पुढचा.